ग्रेट प्लेन्सवरील वसंत आणि वणवा: अंदाज कोणत्या क्रमाने वाचावा, घर कसे तयार ठेवावे

ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्ससचा पॅनहँडल (राज्याचा उत्तरेकडे निघालेला चौकोनी भाग) आणि पूर्व कोलोराडो या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांशी बोलताना वणव्याविषयीचे दोन गैरसमज पुन्हा पुन्हा कानावर येतात. वणवा जंगलात लागतो आणि आपल्या आसपास जंगलच नाही, हा पहिला. वसंतात पाऊस सरासरीपेक्षा जास्त पडणार असल्याचे वाचले की त्या वर्षापुरती काळजी मिटली, हा दुसरा. या मैदानांवर जळते ते गवत, आणि ते जळण्याचा मुख्य काळ फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतचा असतो. हिवाळ्यात वाळलेले गवत तोवर हिरवे झालेले नसते, वारे वर्षातले सर्वांत जोरदार असतात आणि दुपारची हवा कमालीची कोरडी होते. म्हणून तयारी कोणत्या क्रमाने करावी आणि लोक नेमके कोठे चुकतात, ते येथे टप्प्याटप्प्याने दिले आहे.

## टप्पा १: जानेवारी–फेब्रुवारीत हंगामी अंदाज वाचणे

१. प्रथम 'नोआ' या अमेरिकी सरकारी हवामान संस्थेच्या क्लायमेट प्रेडिक्शन सेंटरचा तीन महिन्यांचा नकाशा पाहावा. तो दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी प्रसिद्ध होतो. त्यावरील रंग किती इंच पाऊस पडेल हे सांगत नाहीत, ते केवळ शक्यता सांगतात. सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतका आणि सरासरीपेक्षा जास्त अशा तीन शक्यता प्रत्येकी सुमारे ३३ टक्के धरलेल्या असतात आणि कोणत्या शक्यतेकडे पारडे झुकले आहे, तेवढेच रंगावरून कळते. '४० टक्के, सरासरीपेक्षा जास्त' याचा अर्थ उरलेले ६० टक्के सरासरीइतक्या किंवा कमी पावसाकडे आहेत असा होतो. नकाशाचा पांढरा भाग म्हणजे तिन्ही शक्यता सारख्याच. पांढरा म्हणजे 'सामान्य वर्ष' असा अर्थ काढू नये.

२. त्यानंतर आयडाहोतील बॉइझी येथील नॅशनल इंटरएजन्सी फायर सेंटरचा वणव्यांविषयीचा अंदाज वाचावा. तो महिन्याच्या सुरुवातीला येतो आणि पुढील चार महिन्यांबद्दल बोलतो. आपल्या कामाचा अंदाज खरे तर हा आहे, कारण त्यात पावसाबरोबर गवताची स्थितीही विचारात घेतलेली असते.

३. शेवटी दर गुरुवारी येणारा दुष्काळाचा नकाशा, म्हणजे 'ड्रॉट मॉनिटर', पाहावा. डी-० (सर्वांत सौम्य) ते डी-४ (सर्वांत तीव्र) अशा त्याच्या पायऱ्या आहेत. त्यात मंगळवार सकाळपर्यंतचीच माहिती असते, तेव्हा बुधवारी पडलेला पाऊस त्यात शोधू नये.

४. हे तिन्ही वाचून झाल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारावा, जो कोणत्याही नकाशावर ठळकपणे लिहिलेला नसतो: गेल्या उन्हाळ्यात येथे गवत किती माजले होते?

नेहमीची चूक: दुष्काळ नाही म्हणजे धोका नाही, असे मानणे. गवताच्या बाबतीत गणित बरेचदा उलटे असते. आदल्या उन्हाळ्यातील चांगला पाऊस म्हणजे पुढच्या वसंतातील भरपूर वाळलेले गवत. २०२३च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला टेक्ससच्या पॅनहँडलमध्ये पाऊस उत्तम झाला आणि कुरणे भरून वाढली. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी स्टिनेट गावाजवळ लागलेल्या 'स्मोकहाउस क्रीक' वणव्याने तशाच गवतावरून पसरत १० लाखांहून अधिक एकर जमीन जाळली. टेक्ससच्या नोंदींतील हा सर्वांत मोठा वणवा आहे.

गवत फार लवकर सुकते, हेही ध्यानात ठेवावे. पाव इंचाहून बारीक असलेले मृत गवत आणि काड्या भोवतालच्या हवेनुसार साधारण तासाभरात ओलसर किंवा कोरड्या होतात. सकाळी पावसाची सर येऊन गेली तरी दुपारी कोरडा वारा सुटल्यावर तेच गवत पेटण्याजोगे झालेले असते. म्हणून हंगामी अंदाजाचा उपयोग एवढाच: घराभोवतीची कामे यंदा किती लवकर आणि किती कसून उरकायची, हे त्यावरून ठरवावे. अमुक दिवशी घराबाहेर शेगडी पेटवावी की नाही, हे त्यावरून कधीही ठरवू नये.

## टप्पा २: घराभोवतीची कामे, भिंतीपासून बाहेरच्या दिशेने

बहुतेक लोक या कामाची सुरुवात कुंपणापलीकडच्या झाडीपासून करतात आणि दाराशी येईपर्यंत दमून जातात. क्रम उलटा हवा. वाऱ्याबरोबर कितीतरी दूरवरून उडत आलेले निखारे भिंतीलगतच्या एखाद्या किरकोळ वस्तूवर पडतात, ती धुमसते आणि तिच्यापासून घर पेट घेते. ज्वाळा अंगणापर्यंत पोहोचण्याची गरजही नसते.

पहिले ५ फूट. भिंतीपासून ५ फुटांच्या आत जळण्यासारखे काहीही नको, हा नियम आहे. लाकडी भुशाचे मल्च, म्हणजे मातीवरचे आच्छादन, काढून तेथे खडी पसरावी. आपल्या घरांच्या दाराशी काही खास वस्तू असतात, त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष वेधतो: काथ्याचे पायपुसणे, दिवाळीपासून तसेच लटकलेले झेंडूचे वाळके तोरण, चपलांची लाकडी मांडणी, थंडीत करपलेली कुंडीतली तुळस आणि गॅरेजच्या कडेला दुमडून ठेवलेली पुठ्ठ्याची खोकी. यांपैकी कोणत्याही एका वस्तूवर पडलेला निखारा पुरेसा आहे. लाकडी कुंपण भिंतीला थेट भिडले असेल तर शेवटचा ५ फुटांचा भाग काढून तेथे धातूचे फाटक बसवावे, कारण कुंपण ही आगीला भिंतीपर्यंत आणणारी वातच असते.

छत आणि झरोके. पन्हाळीतील पालापाचोळा हाताने काढावा. पोटमाळ्याच्या आणि पायाच्या झरोक्यांवर इंचाच्या आठव्या भागाएवढ्या छिद्रांची धातूची जाळी हवी. प्लास्टिकची जाळी वितळते. डेकखालची जागा सामान ठेवण्यासाठी सोयीची वाटते, तरी ती रिकामीच ठेवावी.

५ ते ३० फूट. गवत ४ इंचांपेक्षा उंच होऊ देऊ नये. सरपणाचा ढीग ३० फुटांच्या पलीकडे न्यावा. प्रोपेनची टाकी असल्यास तिच्याभोवतीची १० फूट जागा मोकळी करावी. ओक्लाहोमा आणि कॅन्ससमध्ये 'ईस्टर्न रेडसीडर' हे सदाहरित झाड सर्वत्र बोकाळले आहे. वर्षभर हिरवे दिसणारे हे झाड तेलकट असल्याने क्षणात भडकते, आणि आडोशासाठी अनेकांनी ते घराशेजारीच लावलेले असते. ते तोडणे उत्तम, निदान घरालगतची तरी तोडावीत.

३० ते १०० फूट. येथे सगळे साफ करण्याची गरज नाही. झुडपांची सलग रांग मध्ये मध्ये तोडावी आणि झाडांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून ६ ते १० फुटांपर्यंत छाटाव्यात.

भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी बाल्कनी रिकामी करावी आणि रेंटर्स इन्शुरन्स, म्हणजे भाडेकरूच्या सामानाचा विमा, घ्यावा. बाकीचे व्यवस्थापनाच्या हाती असते.

सूचना: गवत कापणे, करवत चालवणे, वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग ही कामे सकाळी लवकर, दव असताना, आणि वारा नसलेल्या दिवशीच करावीत. यंत्राचे पाते दगडावर आपटून उडालेली ठिणगी वाळलेल्या गवताला पुरते. आगीपासून बचावासाठी गवत कापताना आग लावणारे लोक दरवर्षी निघतात.

## टप्पा ३: कागदपत्रे, गाडी, माणसे

१. पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रे, आय-७९७ची (इमिग्रेशन खात्याच्या मंजुरीपत्राची) मूळ प्रत, ओसीआय कार्ड, विवाहाचा आणि जन्माचा दाखला, घराची आणि विम्याची कागदपत्रे एकाच पिशवीत ठेवावीत आणि ती पिशवी दाराजवळच्या कपाटात असावी. फोटो काढून ठेवणे आवश्यकच आहे, परंतु मूळ कागद पुन्हा मिळवताना भारतीय वकिलातीच्या आणि अमेरिकन इमिग्रेशनच्या दोन्ही रांगांत उभे राहावे लागते. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये नसतील तर त्यांची डबी कोठे आहे, हे घरातील दोन व्यक्तींना ठाऊक असावे.

२. फोनने प्रत्येक खोलीचे चित्रीकरण करावे, कपाटे आणि ड्रॉवर उघडून. विम्याच्या दाव्यासाठी याहून सोपा पुरावा नाही. विमा वाढवायचा असेल तर हंगामाआधी वाढवावा, कारण आग जवळ आल्यावर कंपन्या त्या भागात नवे विमे देणे थांबवतात.

३. काउंटीच्या इशारा-सेवेत प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक पत्त्यासह नोंदवावा. अनेक काउंट्यांत ही नोंदणी आपणहून करावी लागते. घर घेतले म्हणून ती होत नाही.

४. भारतातून आलेले आई-वडील किंवा सासू-सासरे दिवसा घरी एकटे असतील, तर त्यांची सोय वेगळी विचारात घ्यावी. त्यांच्यापाशी स्थानिक सिमचा चालू फोन हवा. ९११ला फोन करून घराचा पत्ता इंग्रजीत कसा सांगायचा, हे मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावावे. ते गाडी चालवत नसतील तर त्यांना कोण नेणार, हे शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे. आपण कामावर असताना रस्ते बंद झाले तर आपल्याला घरापर्यंत पोहोचता येणार नाही, हे धरूनच ही योजना करावी.

५. गाडीची टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नये. विजेवरची गाडी वाऱ्याच्या आदल्या रात्रीच पूर्ण भारित करावी, कारण जोरदार वाऱ्यात वीज जाते आणि काही वीज कंपन्या आग टाळण्यासाठी ती मुद्दामही बंद करतात.

तपासणी: गॅरेजचे दार विजेशिवाय उघडता येते का, हे आजच करून पाहावे. छताखालच्या मोटारीच्या पट्टीला एक लाल मूठ असलेली दोरी लोंबत असते. दार पूर्ण बंद असताना ती खाली ओढायची, 'खट्' असा आवाज येऊन दार मोटारीपासून सुटते आणि मग ते दोन्ही हातांनी वर उचलायचे. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण स्प्रिंग सैल झालेले दार बरेच जड असते. घरातील प्रत्येक प्रौढाने हे एकदा स्वतः करावे, ज्येष्ठांना ते उचलत नसेल तर एक गाडी धोक्याच्या दिवशी बाहेरच लावावी.

## टप्पा ४: आठ दिवसांपासून आठ तासांपर्यंत

येथून पुढे हंगामी नकाशा बाजूला ठेवावा. ओक्लाहोमातील नॉर्मन येथील स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर वणव्याला पोषक हवामानाचा अंदाज रोज देते: आजचा, उद्याचा आणि तिसऱ्यापासून आठव्या दिवसापर्यंतचा. त्यात 'एलिव्हेटेड', 'क्रिटिकल' आणि 'एक्स्ट्रीमली क्रिटिकल' अशा चढत्या पायऱ्या आहेत. आपल्या गावावर 'क्रिटिकल'चा रंग आला की त्या दिवसाचे बेत बदलावेत. 'एक्स्ट्रीमली क्रिटिकल' क्वचित दिसते. ते दिसल्यास सामान गाडीत भरून ठेवावे.

त्याच सुमारास स्थानिक नॅशनल वेदर सर्व्हिसचे कार्यालय दोन प्रकारचे इशारे देते आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. 'फायर वेदर वॉच' म्हणजे पुढच्या एक ते तीन दिवसांत तशी स्थिती येऊ शकते. 'रेड फ्लॅग वॉर्निंग' म्हणजे ती आली आहे किंवा २४ तासांच्या आत येणार आहे. यांपैकी कशाचाही अर्थ आग लागली आहे, असा होत नाही. आग लागल्यास ती आवरणार नाही, एवढाच त्यांचा अर्थ आहे.

त्यानंतर आपल्या पत्त्याच्या तासागणिक अंदाजाचा आलेख उघडून तीन रेषा पाहाव्यात.

आर्द्रता. सकाळचा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये. हवेतील बाष्प तेवढेच राहिले आणि तापमान २० अंश फॅरनहाइटने वाढले, तर सापेक्ष आर्द्रता साधारण निम्मी होते. सकाळी ४० अंशांना ३५ टक्के असलेली आर्द्रता दुपारी ८० अंशांना ९ टक्क्यांच्या आसपास येते. दुपारी ती २० टक्क्यांखाली जाणार असेल तर तो दिवस धोक्याचा समजावा.

वाऱ्याचा वेग. सलग वेग आणि झोतांचा वेग असे दोन आकडे असतात. सलग वेग ताशी २० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरच्या, पुढे असणे आणि त्याच वेळी हवा कोरडी असणे ही धोक्याची जोडी आहे.

वाऱ्याची दिशा. हीच रेषा सर्वांत कमी लोक पाहतात आणि जीवितहानीचा संबंध अनेकदा हिच्याशी असतो. वारा ज्या दिशेकडून येतो त्या दिशेचे नाव त्याला देतात, म्हणून नैर्ऋत्येचा वारा आग ईशान्येकडे नेतो. वसंतातील धोक्याच्या दिवशी दुपारी नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा वारा असतो आणि संध्याकाळच्या सुमारास कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेची आघाडी, येऊन तो वायव्येचा किंवा उत्तरेचा होतो. समजा, दुपारभरात २० मैल लांब आणि २ मैल रुंद असा पट्टा जळाला आहे. तोवर आगीचे तोंड २ मैलांचे असते. वारा काटकोनात वळताच त्या पट्ट्याची २० मैलांची बाजू हे आगीचे तोंड होते आणि आतापर्यंत 'आग आपल्या उत्तरेकडून गेली' म्हणून सुटकेचा निःश्वास टाकलेली घरे थेट तिच्या समोर येतात. स्मोकहाउस क्रीक वणव्यात २७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी हेच घडले.

तपासणी: वारा किती वाजता वळणार आहे, ती वेळ कागदावर लिहून ठेवावी. ती वेळ उलटून जाईपर्यंत धोका टळला, असे म्हणू नये.

## टप्पा ५: होळी आणि रेड फ्लॅगचा दिवस

होळी नेमकी याच हंगामात येते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. २०२५ मध्ये होलिकादहन १३ मार्चला आणि धुळवड १४ मार्चला होती. त्याच १४ मार्चला ओक्लाहोमात १३०हून अधिक ठिकाणी आगी लागल्या, ४००हून अधिक घरांचे नुकसान झाले आणि स्टिलवॉटर या विद्यापीठाच्या गावातील वस्त्याही त्यातून सुटल्या नाहीत. स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरने त्या दिवसासाठी 'एक्स्ट्रीमली क्रिटिकल'चा इशारा आधीच दिलेला होता. आदल्या रात्री परसात पेटवलेल्या आणि वरवर विझलेल्या होळीच्या राखेत दुसऱ्या दुपारी ताशी ७० मैलांचे झोत शिरले तर काय होईल, याचा विचार आयोजकांनी करावा.

क्रम असा ठेवावा.

१. जागा ठरवण्याआधी काउंटीचा 'बर्न बॅन', म्हणजे उघड्यावर जाळण्यास बंदी, लागू आहे का, हे विचारावे. शहराच्या हद्दीत उघड्यावर जाळण्यास बहुधा वेगळी बंदीही असते. मंडळाच्या कार्यक्रमासाठी अग्निशमन विभागाची लेखी परवानगी घ्यावी.

२. परवानगी हाती असली तरी दहनाच्या दिवसाचाच नव्हे, तर त्याच्या दुसऱ्या दिवसाचाही अंदाज पाहावा. दोहोंपैकी एका दिवशी रेड फ्लॅग असेल तर होळी पेटवू नये. सभागृहात निरांजने लावून पूजा करावी, नैवेद्याला पुरणपोळी आहेच.

३. होळी पेटवलीच तर पाण्याचा चालू नळ हाताशी हवा. राख पाणी घालून, ढवळून, पुन्हा पाणी घालून, हाताला गार लागेपर्यंत विझवावी आणि घट्ट झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून घरापासून दूर, गवत नसलेल्या जागी काही दिवस ठेवावी. कागदी पिशवी किंवा प्लास्टिकची कचरापेटी चालत नाही, कारण राखेतील निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात.

रेड फ्लॅगच्या दिवशी इतरही काही गोष्टी टाळाव्यात. तुळशीपुढील दिवा घरात लावावा. कोळशाची शेगडी पेटवू नये. गाडी गवतावर उभी करू नये, कारण तिच्या खालचा तापलेला भाग गवत पेटवतो. ट्रेलरची साखळी रस्त्यावर घासत नाही, हे पाहावे. फोन भारित आणि आवाज चालू असावा.

## टप्पा ६: धूर दिसल्यावर

१. धूर दिसताच ९११ला कळवावे. आणखी कोणी कळवले असेल, असे गृहीत धरू नये.

२. अधिकृत आदेशाची वाट पाहणे ही या टप्प्यावरील सर्वांत मोठी चूक आहे. ज्येष्ठ, लहान मुले किंवा दम्याचे रुग्ण घरात असतील, अथवा बाहेर पडायला एकच रस्ता असेल, तर मनात शंका येताच निघावे. ३० डिसेंबर २०२१ रोजी कोलोराडोतील सुपीरियर आणि लुइसव्हिल या गावांत गवतातून आलेल्या 'मार्शल' वणव्याने काही तासांत हजारहून अधिक घरे नष्ट केली, आणि तेथे जंगल नव्हते.

३. निघताना समई, निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी आणि पंखे बंद करावेत. खिडक्या, दारे आणि गॅरेजचे दार लावावे. प्रोपेन टाकीपाशीच बंद करावा. बाहेरचे दिवे चालू ठेवावेत, धुरात अग्निशमन दलाला घर दिसते. पाण्याचे फवारे चालू ठेवून जाऊ नये, त्याने दलाच्या नळांचा दाब कमी होतो.

४. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट असावेत. नायलॉनची साडी किंवा सिंथेटिक ओढणी ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. एन-९५ मास्क लावावा.

५. वाऱ्याच्या दिशेला आडवे जावे. आगीच्या पुढे पुढे, वाऱ्याच्याच दिशेने सरळ पळण्यात ती गाठण्याची भीती असते. रस्त्यावर धुराची भिंत दिसली तर तिच्यात गाडी घालू नये, मागे वळावे.

सूचना: गाडीतच अडकलात तर उघड्या मातीवर किंवा आधीच जळून गेलेल्या जमिनीवर गाडी उभी करावी. काचा बंद ठेवून, दिवे लावून, लोकरीचे पांघरूण अंगावर घेऊन खिडकीच्या पातळीखाली वाकून राहावे आणि ९११ला जागा सांगावी. उंच गवतातून पायी पळू नये.

## टप्पा ७: परतल्यावर आणि हंगाम संपेपर्यंत

परवानगी मिळाल्यावरच परतावे. पन्हाळ, डेकखालची जागा, पोटमाळा आणि कुंपणाचे खांब दर काही तासांनी तपासावेत, कारण लाकडी खांब बुडाशी आतून धुमसत राहतो. त्याच्याभोवतीची माती उकरून पाणी ओतावे. पडलेल्या विजेच्या तारांजवळ जाऊ नये.

पाऊस किंवा बर्फ पडले म्हणून सावधगिरी सोडू नये. स्मोकहाउस क्रीकच्या परिसरात २९ फेब्रुवारीला बर्फ पडले, तरीही तो वणवा पूर्ण आटोक्यात यायला १६ मार्च उजाडला. हंगाम खरोखर केव्हा संपतो, हे दिनदर्शिकेवरून ठरत नाही. कुंपणाबाहेर जाऊन मूठभर गवत उपटून पाहावे: बुडापासून हिरवी पाती वर आली असतील आणि वाळलेली पाती त्यांच्यात झाकली जात असतील, तर धोका उतरणीला लागला आहे. दक्षिणेकडे हे साधारण एप्रिलच्या अखेरीपासून दिसू लागते, उत्तरेकडे त्याहून उशिरा. तोवर रोजचा अंदाज पाहणे थांबवू नये आणि दाराजवळची पिशवी तेथून हलवू नये.